देवगडात राहतो. कमरेला लपवून बाळगायला सिग पी३६५ कसं?

पिस्तूल झकास, पण आपल्या उपयोगाचं नाही. २०१८ साली आलेलं हे पिस्तूल ९ मिमीचं, म्हणजे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं मनाई असलेलं माप). साध्या परवान्यावर मिळत नाही. (बागेतल्या माकडांसाठी काढलेला ठासणीच्या बंदुकीचा परवानाही इथे चालणार नाही.) पॉइंट ३२ बोअरचं बघा.

आणि वजनाआधी गंजाचा विचार करा. कमरेचा घाम, वर खारा वारा. पावसाळ्यात तर विचारूच नका. स्प्रिंग, स्क्रू, मॅगझीन (गोळ्या भरायची पेटी) आधी गंजतात. चामड्याचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, ओल धरतं, त्यात रात्रभर ठेवू नका. रोज पुसून तेलाचा हलका हात फिरवा.

छोट्या पिस्तुलाची मूठ आखूड, करंगळी अधांतरी राहते आणि झटकाही जास्त बसतो. दुकानात हातात धरूनच ठरवा. बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं हवं; २०१६ च्या शस्त्र नियमांत तसं आहे.