साठ प्रतींपैकी मूळ चित्र कोणते?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्को येथील एका कलादालनात रिचर्ड डीबेनकॉर्न यांचे ‘ग्रीन’ हे १९८६ सालचे अमूर्त चित्र पाहिले. माहितीपट्टीवर ‘अ‍ॅक्वाटिंट’ असे लिहिले होते आणि चित्राखाली पेन्सिलीने १७/६० असा आकडा होता. साठ प्रती असताना याला मूळ चित्र कसे म्हणावे? पहिली प्रत सर्वांत चांगली असते काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘ग्रीन’ हे कॅनव्हासवर रंगवून नंतर छापून घेतलेले चित्र नव्हे. कॅथन ब्राऊन यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या क्राऊन पॉइंट प्रेस या कार्यशाळेत ते थेट तांब्याच्या पत्र्यांवर घडले. म्हणून साठही प्रती मूळच होत.

अ‍ॅक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती तापवतात. कण पत्र्याला चिकटतात आणि आम्ल त्यांच्या भोवतीचे तांबे तेवढे खाते. अशा रीतीने पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यांत शाई साठते, व आम्ल जितका वेळ ठेवावे तितकी छटा गडद उतरते. डीबेनकॉर्न यांनी या चित्रात मुख्यतः आम्ल कुंचल्यानेच पत्र्यावर लावण्याची रीत वापरली, त्यामुळे रंगाचे ओघळ जलरंगासारखे दिसतात. आम्ल पत्र्यावर नीट पसरावे म्हणून पूर्वी त्यात चक्क थुंकी मिसळत, आणि या रीतीचे ‘स्पिट बाइट’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले आहे!

क्रमांकाविषयी मात्र फार मोठा गैरसमज आहे. छपाईच्या दाबाखाली अ‍ॅक्वाटिंटचा नाजूक पोत झिजतो हे खरे. स्पॅनिश चित्रकार गोया यांच्या ‘लॉस काप्रिचोस’ या १७९९ सालच्या ८० चित्रांच्या मालिकेच्या आवृत्त्या त्याच पत्र्यांवरून विसाव्या शतकापर्यंत निघत राहिल्या, आणि उशिराच्या प्रतींतील फिकटपणा सहज ओळखू येतो. साठ प्रतींच्या आवृत्तीत तसा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण गरज भासल्यास पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवता येतो. शिवाय क्रमांक बहुधा सही करताना घातले जातात आणि तोवर छपाईचा क्रम मोडलेला असतो. तेव्हा १/६० साठी जादा पैसे मोजू नयेत. कागदाची स्थिती पाहावी, तो उन्हाने पिवळा पडलेला किंवा कडेने कापलेला तर नाही ना, हे तपासावे.

भिंगातून पाहिल्यास राळेचे कण जेथे होते तेथे शाईत अनियमित पांढरे ठिपके दिसतात. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत त्याऐवजी रंगीत टिंबांच्या आखीव रांगा आढळतात.