चौथ्या दिवशी डिस्चार्ज म्हणजे बेड रिकामा करायची घाई का?

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात आहे, घर करमाळ्याला आहे आणि डॉक्टर 'चौथ्या-पाचव्या दिवशी सोडू' म्हणतात, म्हणून तुम्ही धास्तावला आहात. कोविडच्या काळात बेड कमी होते हे खरं, पण लवकर घरी सोडायची ही पद्धत कोविडच्या आधीची आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ती रुजवली. वॉर्डातले दिवस कमी, तेवढा संसर्गाचा धोकाही कमी.

मात्र लवकर घरी जायची तयारी आधीपासून करावी लागते. तंबाखू-विडी आजच बंद, निदान चार आठवडे आधी. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देता येईल का, ते विचारा. प्रथिनं वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे साठ किलोला ७२ ते ९० (किडनीचा त्रास नसेल तर). पेज आणि साबुदाण्यावर हा आकडा गाठला जात नाही. अंडी, पनीर, घट्ट वरण हवं.

स्पायरोमीटर (फुफ्फुसांच्या व्यायामाचं गोळ्यांचं यंत्र) फुंकायचा नसतो, श्वास आत ओढून गोळ्या वर आणायच्या. बरेच लोक इथेच चुकतात! जागेपणी दर तासाला दहा वेळा.

रात्रीपासून कडक उपास नको. साधारणपणे भूल देण्याआधी सहा तासांपर्यंत हलकं खाणं आणि दोन तासांपर्यंत पाणी, गाळलेलं सरबत किंवा कोरा चहा चालतो. दूध, ताक चालत नाही. मधुमेह असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील तेच.

ऑपरेशनच्या दिवशीच खुर्चीत बसवतात. 'आराम करू द्या' म्हणून नातेवाईकच आडवे येतात, तसं करू नका. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पायात गुठळ्या होतात. त्या टाळायची पोटातली इंजेक्शनं कॅन्सरच्या पेशंटला बहुधा २८ दिवस असतात. घरी कोण टोचणार, ते आधीच ठरवा.

माझी खरी हरकत लगेच लांब करमाळ्याला जाण्याला आहे. कापून जोडलेल्या आतड्याचा सांधा गळला तर ते अनेकदा पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास कळतं. दहा दिवस पुण्यातच, हॉस्पिटलजवळ खोली घ्या. सोडण्यापूर्वी सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) विचारा. तिसऱ्या दिवशी १५०च्या वर असेल तर सहसा थांबवतात. घरी ताप १००.४च्या वर, नाडी सतत शंभरावर, पोट फुगणं, उलट्या किंवा वाढती कळ यातलं एकही दिसलं, तर आधी सर्जनला फोन करा. कोविडच्या काळात ताप म्हटला की लोक स्वॅबच्या रांगेत उभे राहायचे आणि तिथेच दिवस जायचा.

वडिलांना आधी कोविड होऊन गेला असेल तर तारीख नक्की सांगा. २०२१ मध्ये शक्य असल्यास सात आठवडे थांबायचे; आता किती थांबायचं ते भूलतज्ज्ञांना विचारा. गाठ थांबू देईल का, ते सर्जन ठरवतील.