'डिस्कस'च्या पुढे काय?

इंग्रजी बोलताना क्रियापदापर्यंत सगळे सुरळीत जाते आणि त्यापुढे 'ऑन' घ्यावे की 'टू', 'फॉर' घ्यावे की 'विथ', या विचाराने जीभ अडते, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या प्रौढांकडून मी वारंवार ऐकते. ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्यांपैकी एका गृहस्थांचा अनुभव येथे सांगते.

ते चाळिशीचे, तांत्रिक कामात मुरलेले होते. नव्या जबाबदारीमुळे त्यांना रोज इंग्रजीत ई-मेल लिहावे लागत, आणि एका बैठकीत वरिष्ठांनी त्यांचे वाक्य सर्वांदेखत दुरुस्त केल्यापासून त्यांनी बोलणेच कमी केले होते. "माझे व्याकरण मुळातच कच्चे आहे," असे म्हणत त्यांनी एक वही पुढे केली. पहिल्याच पानावर लाल शाईने आखलेल्या दोन रकान्यांत 'ऑन' म्हणजे वर, 'इन' म्हणजे मध्ये, 'टू' म्हणजे ला, 'विथ' म्हणजे शी, अशी यादी होती, आणि ती इतकी घोकलेली होती की पानाचा कोपरा झिजून गेला होता.

चुकांचे मूळ त्या पानावरच होते. 'त्याच्यावर रागावलो' यातील 'वर' जसाच्या तसा उतरून 'अँग्री ऑन हिम' झाले होते, जेथे 'विथ' किंवा 'अ‍ॅट' हवे; 'त्याच्याशी लग्न झाले' यातून 'मॅरीड विथ' आले होते, जेथे 'टू' लागते; आणि 'गाणे ऐकतो' म्हणताना मराठीत गाण्याला काहीच जोडावे लागत नाही, म्हणून 'लिसन'नंतरचे 'टू' गळून पडले होते. यात निष्काळजीपणा कुठेच नव्हता. उलट ते फार इमानदारीने भाषांतर करत होते.

मी त्यांना विचारले, "तुम्ही कुत्र्याला घाबरता, शेजाऱ्याशी भांडता आणि मुलावर रागावता. कुठे 'ला', कुठे 'शी' आणि कुठे 'वर', हे कोणत्या नियमाने ठरवता?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "राग काही मुलाच्या डोक्यावर ठेवलेला नसतो, हे खरे," आणि त्या दिवशी प्रथमच हसले. मराठीत क्रियापद आपला प्रत्यय सोबत घेऊनच आपल्या कानांवर पडते, आपण तो वेगळा निवडत नाही. इंग्रजीतही 'वेट फॉर' किंवा 'डिपेंड ऑन' हा एकच शब्द मानून तोंडी बसवावा, एवढेच मी सुचवले.

सगळेच असे पाठांतराचे नाही. 'थ्रो टू' म्हणजे समोरच्याने झेलावे म्हणून टाकणे आणि 'थ्रो अ‍ॅट' म्हणजे त्याच्यावर नेम धरून फेकणे, 'शाउट'चेही तसेच. अशा जोड्या अर्थाने लक्षात राहतात आणि मला त्या शिकवायलाही आवडतात, परंतु या गृहस्थांचा खरा अडथळा 'डिस्कस' होता. बैठकीत दुरुस्त झालेले वाक्य 'डिस्कस अबाउट'चेच होते. 'टॉक अबाउट' बरोबर, 'डिस्कशन अबाउट' बरोबर, मग क्रियापदालाच 'अबाउट' का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. 'डिस्कस' थेट कर्म घेते, नाम झाले की मात्र त्याला आधार लागतो. 'रिक्वेस्ट' आणि 'रिक्वेस्ट फॉर', 'एम्फसाइझ' आणि 'एम्फसिस ऑन' यांच्यातही हाच फरक आहे. हे एकदा दिसल्यावर त्यांच्या वाक्यांतील बऱ्याच चुका एकाच कुळातल्या निघाल्या.

लाल शाईचे पान आम्ही चिकटवून बंद केले. त्याऐवजी त्यांनी आपल्याच जुन्या ई-मेलमधून नेहमी लागणारी बारा क्रियापदे निवडली, शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशातील उदाहरणे पाहून प्रत्येकाचे आपल्या कामातील एक पूर्ण वाक्य लिहिले आणि ते रोज मोठ्याने वाचले. बारा म्हणजे थोडी वाटतील, पण पन्नास क्रियापदांच्या याद्या तिसऱ्या दिवशी कपाटात जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सहा आठवड्यांनी ते आले तेव्हा त्यांच्याजवळ एक नवी शंका होती: 'डिफरंट'च्या पुढे 'फ्रॉम', 'टू' की 'दॅन'? जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ही तिन्ही रूपे वापरतात, ब्रिटनमध्ये 'टू' आणि अमेरिकेत 'दॅन' अधिक ऐकू येते, लेखनात 'फ्रॉम' सर्वत्र चालते, असे मी सांगितल्यावर त्यांनी वहीत फक्त 'फ्रॉम' लिहिले आणि पुढच्या आठवड्यातील बैठकीची टिपणे बाहेर काढली.