रॅम वाढवल्यानंतर लॅपटॉप सुरू होत नाही; पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. काय करावे?

आपण लिहिले आहे की जुनी ८ जीबीची पट्टी तशीच ठेवून रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबीची नवी पट्टी बसवली आणि तेव्हापासून स्क्रीनवर काहीच उमटत नाही. दिवा लागतो आणि पंखा फिरतो, ही माहिती महत्त्वाची आहे, कारण त्यावरून मदरबोर्डला वीज मिळते आहे आणि गाडी मेमरीच्या तपासणीपाशी अडली असण्याची शक्यता जास्त आहे, असे म्हणता येते. दिवाही लागत नसता, तर मी रॅमआधी बॅटरीची जोडणी आणि पॉवर बटणाची पातळ पट्टीवजा केबल यांच्याकडे पाहायला सांगितले असते. लॅपटॉप उघडताना ती केबल अनेकदा नकळत सैल होते.

आपला लॅपटॉप डीडीआर५ रॅमचा (डीडीआर३, डीडीआर४ यांच्या पुढच्या पिढीच्या रॅमचा) असेल, तर काहीही उघडण्यापूर्वी चार्जर जोडून तो सुरू करावा आणि दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना असे संगणक नव्या मेमरीशी वेळेचे गणित जुळवून घेतात. त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. घाबरून मध्येच बटण दाबून तो बंद केला, तर ही जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

तरीही काही घडले नाही, तर चार्जर काढावा, तळ उघडून बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून सोडवावी आणि उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग नवी पट्टी काढून केवळ जुनीवर लॅपटॉप सुरू करून पाहावा. ही पायरी लोक टाळतात, पण माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा तिचेच मोल अधिक आहे: जुन्या पट्टीवर लॅपटॉप सुरू झाला, तर शोध नवी पट्टी आणि दुसरा स्लॉट एवढ्यापुरता उरतो, नाही झाला, तर उघडताना काहीतरी हलले आहे किंवा जुनी पट्टीच नीट बसलेली नाही.

नीट बसणे म्हणजे काय, हेही पाहून घ्यावे. पट्टी तिरकी धरून स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवायची आणि मग खाली दाबायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे चिमटे आवाज करून अडकतात. सोनेरी टोकांची रुंद रेघ बाहेर दिसत असेल, तर चिमटे अडकलेले असूनही पट्टी अर्धवटच बसलेली असते.

यानंतर नवी पट्टी एकटीच, आधी जुन्या आणि मग रिकाम्या स्लॉटमध्ये लावून पाहावी. दर वेळी बॅटरी सोडवणे आलेच. ती कुठेच चालत नसेल आणि जुनी दोन्हीकडे चालत असेल, तर नवी पट्टी सदोष आहे किंवा आपल्या लॅपटॉपसाठी नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे तिथे चूक होणे अवघड आहे, पण जुन्या लॅपटॉपमध्ये एक फसवा प्रकार आढळतो: १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल या दोन्हींना २०४ पिना आणि एकसारखीच खाच असते, त्यामुळे चुकीची पट्टीही सहज बसते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेल्या, डीडीआर३ प्रकारची मेमरी वापरणाऱ्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते. वेग वेगळा असण्याची चिंता मात्र सहसा करू नये. दोन्ही पट्ट्या कमी वेगावर चालतात.

कोणतीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये चालत नसेल, तर दोष स्लॉटचा किंवा मदरबोर्डचा आहे आणि तिथे घरगुती खटपट थांबवावी. दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असे आढळले, तर जुन्या पट्टीवर लॅपटॉप सुरू करून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून बायोस (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारे, मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. तेवढ्याने भागले नाही, तर एकसारख्या दोन पट्ट्यांचा संच घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

लॅपटॉप दोन्ही पट्ट्यांसह सुरू झाला, तरी विंडोजमधील मेमरी तपासणी एकदा पूर्ण चालू द्यावी. तिच्यात एकही त्रुटी निघाली, तर पट्टी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती बदलून घ्यावी.