अनाथ हत्तींच्या पिल्लांसाठी मदत मागताना लोकांना नेमकं काय सांगावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पाच जण मिळून एक छोटी संस्था चालवता. वन्यजीवांसाठी आणि विशेषतः आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लांसाठी पैसे जमवता आणि ते पिल्लं वाढवणाऱ्या केंद्राला पाठवता. पिल्लाचा फोटो टाकला की दोन दिवस पैसे येतात, मग सगळं थंड. त्यात लोक विचारतात, एका पिल्लावर एवढा खर्च कशाला? त्यापेक्षा जंगल वाचवा. यांना काय उत्तर द्यायचं?

मी अशाच एका छोट्या गटासाठी नऊ वर्षं मदत गोळा करते आहे. लोकांकडे दया मागू नका, वर्षं मागा, असं माझं ठाम मत झालं आहे. कारण पिल्लाला लागतात ती वर्षंच.

हत्तीण बावीस महिने गाभण असते. जन्मलेलं पिल्लू शंभर किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की हे धट्टंकट्टं आहे, चारा टाकला की जगेल. पण पहिली दोन वर्षं त्याचा जीव दुधावरच असतो आणि दूध पुरतं तुटायला चार-पाच वर्षं जातात. आई गेली तरी कळपात मावश्या आहेत की, असंही लोक म्हणतात. मावश्या असतात, जीवही लावतात, सोंडेनं सावरतात. पण दूध प्रत्येकीला नसतं, आणि जिला असतं तिला बहुधा स्वतःचं पिल्लू असतं.

मग आपण दूध पाजू, इतकं ते सोपं नाही. केनियातल्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची कितीतरी वर्षं या एका दुधापायी गेली. त्यांचे पती डेव्हिड हे त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन, त्यामुळे पोरकी पिल्लं त्यांच्या दारात यायची आणि मरायची. गाईच्या दुधातली चरबी या पिल्लांना पचत नाही. शेवटी लहान बाळांच्या दुधाची पावडर आणि तिच्यात नारळाचं तेल, असा मेळ बसला. हे मी लोकांना नेहमी सांगते, कारण 'दुधासाठी मदत करा' या तीन शब्दांमागे काय आहे ते त्यांना कळायला हवं.

दुधाचा प्रश्न सुटला, पण आयशाची गोष्ट अजून पुढे होती. १९७४ मध्ये हे अगदी तान्हं पिल्लू डॅफ्नीबाईंकडे आलं. त्यांनीच ते वाढवलं, ते सतत त्यांच्याच मागे असायचं. सहा महिन्यांचं झालं असताना मुलीच्या लग्नासाठी त्यांना काही दिवस जावं लागलं. आयशानं दूध सोडलं आणि ती गेली. तेव्हापासून तिथे एका पिल्लाला एकाच माणसाची सवय लागू देत नाहीत. सांभाळणारे आळीपाळीनं बदलतात, रात्री पिल्लाशेजारी झोपणारा माणूसही बदलतो. दर तीन तासांनी बाटली, दिवसा आणि रात्रीही. पिताना पिल्लाला सोंड कशाला तरी टेकवायची असते, आईच्या पोटाला टेकवतं तशी. म्हणून समोर घोंगडी टांगून धरतात. डेव्हिड यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ट्रस्टनं आजवर ३०० हून जास्त पोरकी पिल्लं वाढवली आहेत. साधारण तीन वर्षांची झाली की पिल्लं ट्रस्टच्या नैरोबीतल्या केंद्रातून त्सावोसारख्या ठिकाणी नेतात. तिथे ती दिवसा रानात आणि रात्री तळावर राहतात. तिथून पुरती रानटी व्हायला आणखी पाच ते दहा वर्षं लागतात. कधी जायचं ते हत्ती स्वतः ठरवतो. पुढे अशा हत्तिणी रानात व्यायल्यावर आपलं पिल्लू घेऊन जुन्या तळावर येऊन गेल्या आहेत. मला या सगळ्या कामात याहून मोठं काही वाटत नाही.

आता हिशेब बघा. फोटोत दिसते ती बाटली, पण खर्चाचा मोठा भाग असतो माणसांचा पगार. देणगीदारांना बाटली आणि घोंगडी द्यायला आवडतं, पगार द्यायला आवडत नाही. तुम्ही हे झाकू नका. रात्री तीन वाजता उठून दूध पाजणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मदत हवी आहे, असंच लिहा. आम्ही तसं लिहायला लागल्यापासून देणाऱ्यांची संख्या घटली, पण जे उरले ते दरमहा वर्गणी देणारे उरले. केंद्राला एकदाच आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला येणारी छोटी रक्कम जास्त उपयोगाची असते, कारण तिच्या भरवशावर माणूस कामाला ठेवता येतो.

'दत्तक' या शब्दाबद्दलही सांभाळा. पिल्लू दत्तक घ्या असं म्हटलं की देणाऱ्याला वाटतं, आपले पैसे त्याच पिल्लाच्या पोटात जातात. बहुतेक ठिकाणी ते एकत्र जमा होतात आणि सगळ्या पिल्लांसाठी वापरले जातात. ते योग्यच आहे, कारण ज्याचा फोटो छान आला त्यालाच दूध मिळावं असं कुणाला वाटणार नाही. फक्त हे आधी सांगायचं.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. चौथ्या वर्षी आम्ही एका आठ महिन्यांच्या पिल्लाच्या नावानं मदत मागत होतो आणि मोहीम संपायला आठ दिवस असताना ते गेलं. आम्ही गप्प बसलो. आता सांगितलं तर पैसे थांबतील, असं वाटलं. एका देणगीदार बाईंनी केंद्राला परस्पर विचारलं आणि त्यांना कळलं. त्यांचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "त्याच्या जगण्यात मला धरलंत, मग जाण्यात का नाही धरलंत?" एवढंच म्हणाल्या. मला तो प्रश्न अजून टोचतो. आता पिल्लू गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पत्र जातं, कारणासकट. वाळून आलेलं पिल्लू, दिवसचे दिवस आईच्या कलेवराजवळ उभं राहिलेलं पिल्लू, जन्मल्यावर चीकही न मिळालेलं पिल्लू: यातली काही वाचत नाहीत, कितीही केलं तरी.

'जंगल वाचवा' म्हणणाऱ्याला हरवायला जाऊ नका, तो बरोबरच बोलतो आहे. मी त्याला विचारते, हे पिल्लू पोरकं कशानं झालं? कुठे हस्तिदंतासाठी आई मारली गेली. कुठे दुष्काळ: केनियात २०२२ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबरमध्ये २०५ हत्ती दगावल्याचं तिथल्या सरकारनंच सांगितलं होतं. कुठे रेल्वे, कुठे शेताच्या कुंपणातली वीज, कुठे उघडी विहीर. एकेका पिल्लाची चौकशी केली की त्या भागातल्या जंगलाचं दुखणं कळतं. आणि वाढवलेलं पिल्लू सोडायचं कुठे, याचं उत्तरही जंगलच आहे. जंगल राहिलं नाही तर दहा वर्षांची मेहनत वाया जाईल.

म्हणून आमच्या जमलेल्या पैशांचा तिसरा हिस्सा पिल्लांसाठी नाही, तर हत्तींच्या वाटेवर राहणाऱ्या माणसांसाठी जातो. मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण हे त्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. केनियात ल्युसी किंग यांनी ते रुजवलं. हत्ती मधमाश्यांना बिचकतो. शेताभोवती तारेला पेट्या टांगायच्या, हत्तीचा धक्का लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात, हत्ती मागे फिरतो. पीक वाचतं, शेतकऱ्याला मध मिळतो आणि एका हत्तिणीवर भाला उगारायची वेळ येत नाही. उत्तर केनियातल्या सांबुरू भागात तिथल्या लोकांनीच २०१६ मध्ये रेटेटी हे अनाथालय सुरू केलं. पिल्लांसाठी शेळीचं दूध ते गावातल्या बायकांकडून विकत घेतात. तिथे पिल्लू वाचवणं आणि जंगल वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं कुणाला म्हणता येणार नाही.

पैसे कुणाला पाठवायचे ते ठरवताना मी पहिल्यांदा बघते की तिथे पाहुण्यांना पिल्लाला कुरवाळू देतात का. देत असतील तर मी पुढे जात नाही. श्रीलंकेत उडावलावेला १९९५ पासून सरकारी केंद्र आहे. तिथे लोक लांबून दूध पाजणं बघतात, हात लावता येत नाही. ज्या पिल्लाला पुढे रानात सोडायचं आहे त्याला माणसाची भीती राहिली पाहिजे. दुसरं म्हणजे, किती पिल्लं आणली यापेक्षा किती परत गेली ते विचारा. आसामचं वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांचं काझीरंगाजवळ २००२ पासून केंद्र आहे. पुरात किंवा चरात पडून कळपापासून तुटलेलं पिल्लू सापडलं की तिथे आधी कळप शोधून त्याला आईकडे पोचवण्याची धडपड करतात. ते जमलं तर केंद्रात काहीच येत नाही. ना पिल्लू, ना फोटो. एका देणगीदारानं मला अशा वेळी विचारलं होतं, मग आमचे पैसे कुठे गेले? मी म्हटलं, आईकडे गेले.

पुढच्या वेळी फोटो टाका, त्यात वाईट काही नाही. पण खाली असं काहीतरी लिहा: हे पिल्लू दहा महिन्यांचं आहे. त्याला अजून चार वर्षं दूध लागेल आणि साधारण दहा वर्षं माणसं लागतील. ते जगेलच असं नाही, जे होईल ते आम्ही कळवू. यातली किती वर्षं तुम्ही आमच्याबरोबर राहाल?