वाचकांचे प्रश्न : संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि सहल

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काही निवृत्त शिक्षक पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळी विनामूल्य अभ्यासवर्ग चालवतो. बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात आणि आई घरी विड्या वळते. यंदा एका दात्याने मुलांच्या सहलीसाठी रक्कम देऊ केली आहे. काही शिक्षकांच्या मते मुलांना एकदा तरी लांबच्या वॉटर पार्कला न्यावे, तर काहींच्या मते ‘शैक्षणिक’ असे काही दाखवावे. आपण काय सुचवाल?
— एक अभ्यासवर्गचालक, सोलापूर

उत्तर : मुलांनी एक दिवस पाण्यात मनसोक्त डुंबावे यात गैर काहीच नाही, आणि ज्यांच्या घरी सुट्टी म्हणजे आईच्या कामाला हातभार, त्या मुलांना तर नाहीच नाही. परंतु दात्याने रक्कम शिक्षणासाठी दिली असेल, तर ती बसच्या भाड्यात आणि प्रवेशशुल्कात एकाच दिवशी संपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वर्षभर पुरवावी, शहरातली आणि शहराजवळची ठिकाणे निवडावीत, एका वेळी एकच ठिकाण पाहावे आणि तिथे जाण्यापूर्वी मुलांच्या वहीत एक तरी प्रश्न लिहिलेला असावा. दिवसभरात सहा ठिकाणे उरकणाऱ्या सहलीतून मुलांच्या लक्षात बहुधा बसमधल्या गाण्याच्या भेंड्याच राहतात.

पहिली सहल यंत्रमागाच्या कारखान्यात न्यावी. मुलांनी माग रोजच पाहिलेला असतो, त्यात नवे ते काय, असा आक्षेप येईल. मागाचा खडखडाट त्यांच्या कानांवर जन्मापासून आहे हे खरे, पण जकार्ड, म्हणजे मागावर बसवलेले नक्षीचे यंत्र, नक्षी कशी पाडतो हे त्यातल्या किती मुलांना सांगता येईल? भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते. जिथे भोक असेल तिथला आकडा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलतो, जिथे भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो आणि मधून बाणा, म्हणजे आडवा धागा, निघून जातो. एकदा बाणा गेला की पुढचा पुठ्ठा येतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर चादरीवरचा मोर उभा राहतो. संगणकही मुळात अशाच दोन खुणांवर चालतो, हे सातवी-आठवीच्या मुलाला तिथे उभे राहून जितके चटकन उमगेल तितके पुस्तकातल्या आकृतीवरून उमगणार नाही. परत आल्यावर चौकटीच्या वहीत प्रत्येकाने आपली नक्षी काळ्या-पांढऱ्या घरांनी काढावी. चादर उलटून पाहिली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन का दिसते, याचाही शोध मुलांनी स्वतः घ्यावा.

या भेटीत समजावून सांगण्याचे काम शिक्षकांनी करू नये, ते एखाद्या मुलाच्या वडिलांकडे सोपवावे. वर्गात ज्यांच्या व्यवसायाचा उल्लेख झाला की मूल मान खाली घालते, तेच वडील त्या दिवशी सर्वांचे गुरुजी होतात. ते तेलुगूमिश्रित मराठीत बोलतील आणि तसेच बोलू द्यावे. तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे इथे का आली, जुनी गिरणी कुठे होती आणि तिचे पुढे काय झाले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही कितीतरी माग टॉवेलकडे का वळले, हे प्रश्न मुलांनी घरी आजोबा-आजींना विचारावेत. इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र यांचे तास वेगळे घ्यावे लागणार नाहीत.

दुसरा विषय पाण्याचा असावा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातील मुलांना घरातली भांडी भरून ठेवण्याची कला शिकवावी लागत नाही, पण ते पाणी येते कोठून, हे त्यांना सहसा ठाऊक नसते. आदिला नदी अडवून बांधलेला आणि १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, शहरापासून जवळच आहे. तिथे बांध पाहावा, हिवाळ्यात पक्षी पाहावेत आणि मग भिंतीवरच्या नकाशात उजनी धरणापासून सोलापूरपर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजावे. महापालिकेकडे रीतसर अर्ज करून जलशुद्धीकरण केंद्र पाहण्याची परवानगी मिळाली, तर गढूळ पाणी पिण्याजोगे कसे होते हेही दिसेल. मात्र तलावाच्या काठावर मुलांना मोकळे सोडू नये. सुरक्षिततेविषयी पुढे लिहिले आहे.

भुईकोट किल्ला आणि केगावचे विज्ञान केंद्र ही दोन्ही ठिकाणे तुम्हाला माहीत आहेतच. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो, तेव्हा किल्ल्याला खर्च असा फारसा नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचे असेल, तर माळढोक दिसेलच असे आश्वासन मुलांना देऊ नये. तो पक्षी आता अत्यंत दुर्मीळ झाला आहे आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. काळवीट दिसण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त. ‘नुसते गवत’ म्हणून ज्याला आपण पडीक समजतो त्या माळावर किती जीव जगतात, हे पाहायला सकाळची वेळ उत्तम.

बसवर मोठा खर्च करायचाच असेल, तर एकदा हत्तरसंग कुडलला करावा. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हे ठिकाण सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, मधील मराठी शिलालेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि तो वाचणारा विजयी होईल, अशा आशयाची ओळ त्यात आहे. तिथेच ३५९ मुखे कोरलेले बहुमुखी शिवलिंग आहे. मुलांना ती मुखे मोजायला सांगितले, तर अर्धा तास कोणाला शांत बसा म्हणावे लागणार नाही.

परतल्यानंतर ‘आमची सहल’ हा निबंध कृपया लिहून घेऊ नये. ‘आम्ही खूप मजा केली’ या वाक्याने संपणारे निबंध आपण सर्वांनी पुरेसे तपासले आहेत. त्याऐवजी प्रत्येकाने जाताना नेलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहावे, आणि उत्तर सापडले नसेल तर ते कोणाला विचारावे लागेल, हे लिहावे. ज्याला मराठीत लिहिणे जड जाते त्याने आधी कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत सांगावे आणि शेजारच्याने ते मराठीत उतरवावे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत असून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. त्याच्या अभ्यासवर्गात दर महिन्याला कुठेतरी नेतात. वर्ग अभ्यासासाठी आहे की भटकण्यासाठी?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : सहलीने गुण वाढतात असे वचन कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आपली काळजी रास्त आहे. परीक्षेच्या आधीच्या काही आठवड्यांत सहल ठेवू नये, असे चालकांना निःसंकोच सांगावे. तथापि महिन्यातील एका रविवारची सकाळ गेल्याने कोणाची शिष्यवृत्ती हुकत नाही. मुलगा परत आल्यावर त्याला फक्त एवढेच विचारा, की आज काय नवे कळले. त्याला सलग पाच मिनिटे बोलता आले, तर वेळ वाया गेलेला नाही; दोन-तीन सहलींनंतरही सांगण्यासारखे काही नसेल, तर मात्र आपला प्रश्न चालकांपुढे जरूर मांडावा.

प्रश्न : आमचा वर्ग ही शाळा नाही, नोंदणीकृत संस्थाही नाही. सहलीत काही झाले तर जबाबदारी कोणाची? परवानग्या कोणत्या घ्याव्यात? एसटीची सवलत आम्हाला मिळेल का?
— एक स्वयंसेविका, सोलापूर

उत्तर : मुले ज्याच्या ताब्यात दिली आहेत त्याच्यावरच जबाबदारी येते, मग संस्था नोंदणीकृत असो वा नसो. त्यामुळे प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी आणि तीत ठिकाण, वाहन, निघण्याची व परतण्याची वेळ आणि सोबतच्या मोठ्या माणसांची नावे असावीत. पालकांची सही हा केवळ उपचार समजू नये. अंगठा उठवणाऱ्या आईला मजकूर वाचून दाखवावा, शक्य तर तिच्याच भाषेत. मुलाला दमा, फिट किंवा कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे त्याच वेळी विचारून ठेवावे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले. ती घटना डोळ्यांसमोर ठेवून नदी, तलाव आणि विहीर यांच्या काठावरचे नियम आधीच ठरवावेत आणि ते मोडणाऱ्याला, तो कितीही हुशार विद्यार्थी असो, पुढच्या सहलीला नेऊ नये. माझ्या मते दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, मुली असतील तर किमान एक स्त्री सोबत असावी आणि अंधार पडण्यापूर्वी सर्व मुले घरी पोहोचावीत. सहा आसनी रिक्षात बारा मुले कोंबून केलेली बचत बचत नव्हे. खासगी बस ठरवताना परवाना आणि विमा यांची कागदपत्रे पाहण्यास संकोच करू नये.

शैक्षणिक सहलींसाठी एसटी महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देते, पण ती शाळा-महाविद्यालयांसाठी आहे. ज्या शाळेत आपली बहुतेक मुले शिकतात त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि सहल शाळेच्या नावे, शाळेच्या एखाद्या शिक्षकासह काढता येईल का ते विचारावे. त्यांनी होकार दिला तर शिक्षण विभागाच्या परवानगीचे कामही शाळेमार्फत होते. नकार दिला तर जवळची ठिकाणे निवडून शहर बसने किंवा पायी जावे. सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकाव्यात. सोलापूरचे ऊन मार्चपासूनच मोठ्यांनाही सोसत नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात सर्व धर्मांची मुले आहेत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा दाखवायला न्यावे असे आम्ही ठरवले, तेव्हा दोन पालकांनी हरकत घेतली. सांस्कृतिक अनुभव द्यायचा की वाद टाळायचा?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : हरकत घेणाऱ्या पालकांना आधी भेटा. पूजेला नेत नसून पाहायला नेत आहोत, तिथे कोणालाही हात जोडायला किंवा प्रसाद घ्यायला सांगितले जाणार नाही, हे त्यांना समोर बसून सांगितले तर बहुतेकांचे समाधान होते. दिलेला शब्द मात्र काटेकोरपणे पाळावा.

यात्रेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते पाळण्यांच्या आणि भेळेच्या गाड्यांच्या पलीकडे आहे. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंच, जड नंदीध्वज तोल सांभाळत पेलतात. असे मानाचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, आणि ही लिंगे नकाशावर मांडली की जुन्या सोलापूरचा विस्तार कळतो. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली, ही अक्षता सोहळ्यामागची कथा मुलांना आवडते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. तुमच्या वर्गातील कन्नड बोलणाऱ्या मुलीने एक वचन मोठ्याने म्हणून त्याचा अर्थ सांगितला, तर इतर मुलांना ती नव्याने कळेल.

एवढे करूनही ज्या पालकांचा नकार कायम राहील त्यांच्यावर दबाव आणू नये. यात्रेच्याच दिवसांत १२ जानेवारी येते. १९३० च्या मे-जूनमध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू होता आणि त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी संपूर्ण वर्ग नेता येईल, त्याला कोणत्याही घरातून हरकत येणार नाही. यात्रेला न गेलेल्या मुलांकडे त्या दिवशीची माहिती सांगण्याचे काम द्यावे आणि तयारीसाठी त्यांना आठवडाभर आधी ग्रंथालयात न्यावे.