अक्षरांमधली जागा दिसणाऱ्या मुलीस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत फिरून फिरून एकच गोष्ट आली: आपल्यात खास असं काही नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला सी ग्रेड आली, वर्गातली ती मुलगी बघता बघता समोरच्या माणसाचा चेहरा कागदावर उतरवते आणि तुझं नाकापाशी अडतं, सुट्टीत जलरंग घेऊन बसलीस तर सगळा कागद गढूळ झाला. तुझी व्यक्तिचित्रं मी पाहिली आहेत. ती सामान्य आहेत. तुला बरं वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही.

पण त्याच पत्रात तिसऱ्या पानाच्या तळाशी तू एक गोष्ट जाता जाता लिहून गेलीस. तुमच्या चौकातल्या नव्या मिठाईच्या दुकानावर 'रवा लाडू' असं लिहिलंय आणि ते 'खा लाडू' असं वाचलं जातं. पेंटरने र आणि व इतके चिकटवले की त्यांचा ख झाला, हे तू ओळखलंस. तेवढ्यावर न थांबता समासात दोन्ही अक्षरं काढून दाखवलीस: र ची शेपटी किती आखडती घ्यायला हवी होती आणि व चं पोट किती लांब सरकवायला हवं होतं. त्या दुकानासमोरून रोज शेकडो माणसं जातात. पाटी खटकून कितीजण थांबले असतील? बाकीचं सगळं पत्र तू स्वतःबद्दल लिहिलंस, पण तू कोण आहेस हे मला त्या समासातल्या दोन अक्षरांत दिसलं.

प्रतिभा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं येतं. व्यासपीठावर टाळ्या मिळवणारं, घरी पाहुणे आले की दाखवता येणारं. माझ्या वर्गातून इतकी मुलं गेली, त्यांच्याकडे बघून माझं मत असं झालंय की माणसाची खरी ताकद बहुधा फार बारीक आणि नेमकी असते. 'चित्रकला' हा तिचा पत्ता फारच मोघम झाला. कुणाला सावलीतले रंग दिसतात. कुणाला हातात माती आली की तिचा तोल कळतो. तुला दोन अक्षरांच्या मधली रिकामी जागा दिसते. स्वयंपाकात मीठ कमी आहे हे ज्याला पहिल्या घासाला कळतं, त्याला ते कसं कळलं हे सांगता येत नाही. त्यामुळे त्याला ते काही विशेष वाटतच नाही. तुझंही तसंच झालंय. जे सहज येतं ते तू मोजतच नाहीस आणि जे अडतं तेवढंच धरून बसली आहेस.

आणि त्या ग्रेडबद्दल. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा पेपर भूमितीचा. अक्षरलेखन येतं ते त्या चौथ्या पेपरात, भूमितीच्या शेजारी, एका कोपऱ्यात. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही, आयुष्यभर मी मुलांना तिला बसवलं आहे. पण तुझ्याकडे जे आहे ते मोजायला तिच्यात जागाच कमी. सी ग्रेडने तुझ्या स्थिरचित्राबद्दल सांगितलं. ते ऐकून घे आणि पुढे चल.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. आपल्यात काय आहे हे ओळखायचं कसं? नुसतं डोळे मिटून आत बघितलं तर बहुतेक वेळा दुसऱ्याचं कौतुक आणि आपली भीती एवढंच सापडतं. म्हणून मी म्हणते, बाहेर बघ, पुरावा बघ. पोटमाळ्यावरची ट्रंक काढ. जुन्या वह्या, जर्नलं, शुभेच्छापत्रं, जे असेल ते जमिनीवर पसर आणि कुणी न सांगता काय काय केलं आहेस तेवढंच वेगळं काढ. गृहपाठ बाजूला, स्पर्धेसाठी केलेलं बाजूला. जे उरेल ते नीट बघ. तुझ्या बाबतीत काय उरेल याचा मला अंदाज आहे, कारण आठवीतली तुझी भूगोलाची वही मी पाहिली होती. नकाशे जेमतेम होते, पण प्रत्येक नदीचं नाव तिच्या वळणाप्रमाणे वळवून लिहिलं होतं आणि कुठेही शिरोरेषा मोडली नव्हती. ते तुला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग हे आठव की लोक तुझ्याकडे कशासाठी येतात. निरोप समारंभाच्या फळ्यासाठी वर्ग कुणाकडे धावायचा? लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं की मावशी तुलाच का दाखवते? तू त्याला 'मदत' म्हणतेस. माणसं स्वार्थी असतात गं, जे काम जिथे चांगलं होतं तिथेच ती जातात.

तुला त्या मुलीचा हेवा वाटतो असं तू मोकळेपणाने लिहिलंस, ते मला आवडलं. हेव्याचंही ऐकावं, पण अर्धंच. आपल्याला काय हवंसं वाटतं ते तो सांगतो. आपल्याला काय जमेल याची त्याला काही माहिती नसते. आणि हल्ली सगळे जे सांगतात, 'जे आवडतं ते कर', ते मला पुरेसं वाटत नाही. नुसतं आवडायला काही मोल द्यावं लागत नाही. एखादी गोष्ट कंटाळवाणी झाल्यावरही तू ती किती वेळ धरून ठेवतेस, हे बघ. शाळेच्या हस्तलिखिताची पानं तू एकटीने लिहिलीस तेव्हा शेवटच्या पानावरचा 'क्ष' पहिल्या पानावरच्या 'क्ष'सारखाच आला होता. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली होती. त्या वयात ही चिकाटी मी फार थोड्या मुलांत पाहिली.

अक्षरांच्या कामातसुद्धा हात वेगवेगळे असतात, हेही तुला कळायला हवं. कमल शेडगे नाटकांची नावं अशी लिहीत की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं नाव पाहून नाटकाचा स्वभाव कळावा. अच्युत पालवांचं सुलेखन बघ, त्यात सगळं शरीर उतरलेलं असतं. तू कटनिबने, त्या चपट्या टोकाच्या निबने, केलेली दोन पोस्टरं मला पाठवली होतीस, ती अवघडलेली होती. तुझा हात तिथे खुलत नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी ताकद शांत अक्षरात आहे. पानंच्या पानं वाचली तरी डोळा कुठे अडखळणार नाही, असं अक्षर. पुस्तकाचं, वर्तमानपत्राचं, मोबाइलच्या पडद्यावरचं.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, घासायच्या कामाला लागले. १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याची देवनागरी अक्षरं देशभर नावाजली गेली. पण ते ठसे कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा होता. पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून टाइप पाडायचे, असं ते काम. जावजींची ताकद टाइप ओतण्यात आणि छापखाना उभा करण्यात होती, आरूंची कोरण्यात. एकाने दुसऱ्याचं काम करायचा हट्ट धरला नाही, हे मला त्या जोडीत फार मोलाचं वाटतं. छापखान्यावर नाव जावजींचं लागलं आणि आरू आज फार थोड्यांना माहीत आहेत, हेही खरं. तुझ्या वाटेवर टाळ्या कमी आहेत, हे आत्ताच समजून घे.

आणि आर. के. जोशी. १९३६ ते २००८. ते कवी होते, जाहिरात क्षेत्रात होते, सुलेखनकार होते, मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते. बाबांच्या कॉम्प्युटरवर 'मंगल' नावाचा फॉन्ट असेल, विंडोजमधला; तो त्यांनी केला. मी त्यांचं नाव एवढ्यासाठी घेते की त्यांनी आपल्या चार आवडींपैकी एक ठेवून तीन फेकून दिल्या नाहीत. कविता अक्षरात आली, अक्षर कॉम्प्युटरमध्ये गेलं. तुला गणित आवडतं आणि तू वाचतेस खूप. या दोन्ही गोष्टी तू पत्रात 'चित्रकलेशी संबंध नसलेल्या' म्हणून बाजूला काढल्यास. त्या परत आत घे. फॉन्ट करणाऱ्याला दोन्ही लागतात.

का लागतात ते सांगते. देवनागरीचा एक फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं धरून शेकडो आकार, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंची जागा आकड्यांत बसवायची. पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात र डोक्यावर जातो, दुसऱ्यात य च्या आधी आडवा वळतो. हा फरक ज्याने वाचला नाही, त्याच्या फॉन्टमध्ये तो राहून जाणार. मोबाइलवर 'ल' कधीकधी परका दिसतो असं तू मला एकदा म्हणाली होतीस, आठवतं? तो हिंदी वळणाचा ल असतो. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं म्हणून धरली आहेत. तू तेव्हा निर्णय वाचला नव्हतास, तुझ्या डोळ्याला ते आपोआप खुपलं होतं.

आता तुझ्या उण्या बाजूबद्दल, कारण तीही त्याच मुळातून आलेली आहे. तुला वेळ फार लागतो. एक ओळ दहादा पुसतेस आणि शेवटी काही दाखवतच नाहीस. हस्तलिखित वेळेवर झालं ते मी रोज मागे लागले म्हणून. हा बारकावा अर्धवट कामात पडून राहिला तर कुणाच्याच उपयोगाचा नाही. तेव्हा स्वतःला एक सवय लाव: कामाला तारीख घाल, आणि त्या दिवशी ते जसं असेल तसं दुसऱ्याच्या हातात दे. हे तुला जड जाईल. पण माझ्या मते येत्या वर्षात तुला शिकायचंय ते हेच. नाक पुढे कधीतरी जमेल, नाही जमलं तरी चालेल.

सुरुवात लहान ठेव. बोरू घे. देवनागरीसाठी त्याचा काप इंग्रजी निबच्या उलट दिशेला असतो, तेव्हा दुकानात विचारून घे. जुन्या पुस्तकाचं एक पान समोर ठेवून 'अ, क, ग, म, र, व' एवढीच अक्षरं मोठी काढ. काढताना काळ्या रेषेइतकंच मधल्या पांढऱ्याकडे बघ. महिन्याभराने कॉम्प्युटरवर फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घे, ते मोफत आहे. 'एक टाइप' या नावाने फॉन्ट करणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी 'मुक्त' नावाचा फॉन्ट सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. तो फॉन्टफोर्जमध्ये उघड आणि जागा कशा दिल्यात ते एकेक अक्षर घेऊन तपास. काही बदलायची घाई नको.

उपयोजित कलेच्या सीईटीचा अर्ज मात्र भर. तिथे चित्रही काढावं लागेल, त्यामुळे स्थिरचित्राचा सराव पास होण्यापुरता चालू ठेव, त्यात मन अडकवू नकोस. यावर पोट भरेल का, ही बाबांची काळजी रास्त आहे. पुढच्या आठवड्यात मी त्यांना फोन करणार आहे. या क्षेत्रात कामं कुठे मिळतात आणि सुरुवातीची वर्षं कशी ओढाताणीची जातात, दोन्ही सांगेन. तू त्या वेळी तिथेच बस आणि काय विचारायचं ते विचार.

सहा अक्षरांचे कागद पंधरा तारखेला मला पोस्टाने पाठव. पुठ्ठ्यात घालून, घडी न घालता. पुसलेले, फसलेले सगळे त्यात असू देत, आणि कुठला का फसला असं तुला वाटतं ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिही.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई